तिसरा विडा

लॅथम गाडीतून उतरला आणि सगळ्यांत आधी त्याने हात मिळवला तो हमालाशी.

आंबरगडच्या स्टेशनवर त्याच्या स्वागताला संस्थानचे कारभारी जरीची पगडी बांधून, हातात हार घेऊन उभे होते. मागे चार वाजंत्रीवाले. आणि हा पठ्ठ्या डब्यातून उडी मारून थेट त्याची ट्रंक उतरवणाऱ्या माणसाकडे गेला, त्याचा हात धरून गदागदा हलवला आणि म्हणाला, "मी एमरी लॅथम. तुम्ही?" हमालाने घाबरून ट्रंक खाली टाकली. वाजंत्री थांबली. कारभाऱ्यांच्या हातातला हार तसाच लोंबत राहिला.

मी जवळ जाऊन हळूच म्हणालो, "साहेब, तो हमाल आहे."

"ठाऊक आहे," तो म्हणाला. "ट्रंक जड आहे. सांगा त्याला, आत पुस्तकं आहेत म्हणून."

मी सांगितलं नाही. हमालाला पुस्तकांची माहिती द्यायला वकिलातीने मला ठेवलेलं नव्हतं.

ही १९०९ सालची गोष्ट. मी, रघुवीर धैर्यवान, तेव्हा बत्तीस वर्षांचा, मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत दुभाषा होतो. आम्ही पाठारे प्रभू. आजोबांपासून आमच्या घराचा साहेबलोकांशी संबंध. खरा साहेब कसा असतो ते मी लहानपणापासून पाहिलं होतं. तो फारसं बोलत नाही, कधी घाई करत नाही, आणि हमालाचं नाव तर मुळीच विचारत नाही. लॅथम वकिलातीतला सर्वांत धाकटा साहेब, पंचविशीचा. उन्हाने सोललेलं नाक, लांबलचक मान, बाप अमेरिकेतल्या कुठल्याशा मक्याच्या गावात दुकानदार. आंबा सालीसकट चावणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला तो हाच. शिपायालाही 'प्लीज' म्हणायचा. आणि हा म्हणे पुढे मोठा मुत्सद्दी होणार, असं आमचे थोरले साहेब सांगत. ऐकून मला हसू दाबावं लागे.

काम नाजूक होतं. आंबरगडला अमेरिकन मिशनचा बायकांचा दवाखाना होता. थोरल्या महाराजांनी गावाबाहेरची जागा डॉक्टर मिस पार्मलींना दिली होती, तीही एका खाजगी पत्रावर. सनद वगैरे काही नव्हती. थोरले महाराज वारले, एकवीस वर्षांचे बापूसाहेब महाराज गादीवर आले, आणि दिवाण केशवराव निगुडकरांना अचानक त्याच जागेवर साहेबपाहुण्यांसाठी बंगला बांधण्याची निकड भासू लागली. महिनाअखेर जागा खाली करा, असा हुकूम निघाला. बाईंनी पाच अर्ज धाडले. एकही महाराजांच्या हाती पडला नाही. इंग्रज पोलिटिकल एजंटाने लॅथमला परवानगी दिली ती शिष्टाचाराच्या एका भेटीची. त्या एका भेटीत महाराजांच्या कानावर घालता आलं तर ठीक, नाहीतर तीस खाटा आणि त्यांवरच्या बायका रस्त्यावर.

मिस पार्मलींनी आम्हांला दवाखान्याच्या दारातच गाठलं. वाळल्या खारकेसारखी बाई, केस पांढरे, हाताला फिनाइलचा वास. बावीस वर्षं त्या तिथे होत्या आणि मराठी शिकल्या होत्या ती बाळंतिणींकडून.

"आवं धैर्यवान," त्या मला म्हणाल्या, "ह्या पोराला उद्याचं समदं नीट सांगा बरं का. कुठं बसायचं, कवा बोलायचं, कवा उठायचं. न्हाई तर माझ्या बाळंतिणी कुठं नेऊ मी?"

"काळजी नको, बाई. सगळं सांगतो."

"जेवून घ्या हितंच, आमच्यासंगं."

"माफ करा. मी असा बाहेर जेवत नाही," मी म्हणालो आणि लॅथमला त्यांच्या टेबलाशी सोडून निघालो. अमेरिकन मिशनच्या टेबलावर कोण बसणार? माझ्यासाठी दिवाणसाहेबांची बग्गी कोपऱ्यावर उभी होती.

निगुडकरांकडे पाट-रांगोळी होती, चांदीची ताटं होती आणि बासुंदी. दिवाण स्वतः शेजारी बसून आग्रह करत होते.

"धैर्यवान, तुमच्यासारखा माणूस त्या वकिलातीत काय करतो हो? पत्रांच्या नकला?"

"नकला, भाषांतरं, आणि साहेबाच्या मागे हिंडणं."

"ह्या साहेबाच्या मागे?" दिवाण हसले. "हमालाशी हस्तांदोलन केलं म्हणे."

"पहिल्याच मिनिटाला."

आम्ही दोघंही पोटभर हसलो. मग त्यांनी वाटीत आणखी बासुंदी घातली आणि मुद्द्यावर आले. "हुजूर चिटणिसाची जागा रिकामी आहे. राहायला घर, बसायला बग्गी, दरबारात मानाची जागा. मला भारदस्त माणूस हवाय. तुमच्याकडून काम असं काहीच नको. उद्या साहेब बसले, क्षेमकुशल झालं की लगेच अत्तरपान येईल. त्याआधी त्यांना त्याबद्दल काही सांगू नका, एवढंच."

मला कळायचं ते कळलं. दरबारात भेट संपली असं तोंडाने कुणी म्हणत नाही. अत्तराचं तबक येतं, पाहुण्याच्या मनगटाला फाया लावतात, वर्खाचा विडा हातात देतात. विडा हातात आला की पाहुण्याने उठायचं. आणि पाहुणा उठेपर्यंत महाराजांनी गादी सोडायची नाही. ज्याला हे ठाऊक असतं तो तबक दिसण्याआधीच आपलं म्हणणं उरकतो.

"पण तो उठणारच नाही," मी म्हणालो. "त्याला वाटेल पाहुणचार चाललाय. बसून राहील."

"राहू दे की. दरबारात बेअदबी झाली, असं मी एजंटसाहेबांना लिहीन. मग त्या दवाखान्याचं नाव पुन्हा कोण काढतो ते बघू."

मी वाटी पुढे केली. बासुंदी फार चांगली होती.

सकाळी लॅथम काळा कोट घालून तयार होता. कॉलर उलटी लावली होती, ती मी नीट केली. त्याने माझ्याकडे पाहिलं. डोळे फिकट निळे, मुलीसारख्या पापण्या.

"मिस्टर धैर्यवान, दरबाराबद्दल मला ठाऊक असायला हवं असं काही आहे?"

"आत जाताना तीनदा लवायचं, साहेब. परतताना पाठ दाखवायची नाही. बाकी महाराज फार साधे आहेत."

"बाकी काही नाही?"

"बाकी काही नाही."

"थँक यू," तो म्हणाला. त्याचं ते थँक यू मला नेहमी चीड आणायचं.

दरबार भरला होता. बापूसाहेब महाराज गादीवर, गोल, गोरेपान, कंटाळलेले. त्यांचं जेवणावर फार प्रेम. सकाळपासून मुदपाकखान्यातून साजूक तुपाचा वास येत होता आणि महाराजांचं अर्धं लक्ष तिकडेच होतं. ते राजकुमार कॉलेजात शिकलेले, इंग्रजी माझ्याहून सफाईदार. पण दरबारात गादीवरून परकी भाषा बोलायची नाही, हा तिथला रिवाज. म्हणून सगळं माझ्या तोंडून.

महाराजांनी प्रवास कसा झाला विचारलं. लॅथमने छान झाला म्हटलं. महाराजांनी हवा कशी वाटते विचारलं. लॅथमने छान वाटते म्हटलं. दिवाणांनी बोट हलवलं आणि चांदीचं तबक आलं.

चोपदाराने मनगटाला फाया लावून तो हातात दिला, मग डाव्या हाताने आपलं उजवं कोपर धरून विडा पुढे केला. लॅथमने तो घेतला, मान लववली आणि खुर्चीत आणखी ऐसपैस बसला.

दरबारी एकमेकांकडे पाहू लागले. मी जमिनीकडे पाहत होतो, कारण वर पाहिलं असतं तर हसलो असतो.

"हे घड्याळ सुंदर आहे," लॅथम म्हणाला. "कुठलं?"

मी ते मराठीत विचारलं. महाराज म्हणाले, "फ्रान्सचं." पाच मिनिटं गेली, दहा गेली. लॅथम झुंबराकडे बघत होता, हातात विडा, जणू वाण्याच्या दुकानात आपला नंबर यायची वाट पाहतोय. दिवाणांनी पुन्हा बोट हलवलं. दुसऱ्यांदा तबक! माझ्या ऐकिवात तरी असं कधी घडलं नव्हतं. चोपदाराच्या कपाळावर घाम. लॅथमने दुसरा विडाही तितक्याच आदबीने घेतला, पहिला खिशातल्या रुमालात ठेवला आणि पाय जुळवून बसला.

महाराजांना उठता येईना. आतून ताटं मांडल्याचा आवाज येत होता. ते एकदा गादीवर पुढे सरकले आणि पुन्हा मागे झाले. तेवढ्यात एका म्हाताऱ्या सरदाराला उचकी लागली. अर्धा तास गेला. तिसऱ्यांदा तबक आलं तेव्हा अत्तराच्या वासाने माझं डोकं धरलं होतं. लॅथमने तिसरा विडा घेतला.

दिवाणांनी माझ्याकडे पाहून डोळे मिचकावले. बेअदबी तिप्पट झाली होती.

आणि तेवढ्यात महाराज बोलले. ते माझ्याशीही नव्हे की लॅथमशीही नव्हे. "दिवाणजी, ह्या गृहस्थांना काय हवंय?"

"काही नाही सरकार. शिष्टाचाराची भेट."

"काही नको असताना कुणी तीन विडे घेऊन बसतं का? दुभाषे, विचारा त्यांना."

दिवाण माझ्याकडे बघत होते. त्या नजरेत घर होतं, बग्गी होती, चिटणिशी होती. पण महाराजांना इंग्रजी येत होतं. मी एक शब्द इकडचा तिकडे केला असता तर तिथल्या तिथे पकडला गेलो असतो. म्हणून मी विचारलं ते बरोबर विचारलं. लोक पुढे मला म्हणत, तुम्ही सचोटीने काम केलंत. मी मान हलवत असे.

लॅथमने कोटातून एक पिवळा पडलेला कागद काढला. "हे महाराजांच्या वडिलांचं पत्र आहे. मला मोडी वाचता येत नाही. महाराजांनी ते वाचावं, एवढीच विनंती. मला काही घाई नाही."

मी भाषांतर केलं. 'घाई नाही' पर्यंत येताना दरबारात कुणीतरी खोकलं.

महाराजांनी पत्र घेतलं. वडिलांचं अक्षर त्यांनी ओळखलं, ते त्यांच्या तोंडावरच दिसलं. ते मनाशी वाचू लागले, मग त्यांचे ओठ हलू लागले, मग आवाज फुटला. "...डॉक्टरीणबाईंनी राणीसाहेबांस व आमचे चिरंजीवास मरणाचे दारातून परत आणिले. सबब जोवर त्यांचा दवाखाना, तोवर जागा त्यांची. आमचे पश्चात आमचे चिरंजीव हा शब्द पाळतील."

ते चिरंजीव म्हणजे गादीवर बसलेला, भुकेला, एकवीस वर्षांचा हाच मुलगा.

"हे मला कुणी दाखवलं कसं नाही?" महाराजांनी विचारलं. "दिवाणजी, बंगला दुसरीकडे बांधा. जागेची सनद आजच्या आज लिहा, मी संध्याकाळी शिक्का करतो."

मग ते लॅथमकडे वळले, आणि भर दरबारात, गादीवरून, सगळा रिवाज गुंडाळून इंग्रजीत म्हणाले, "मिस्टर लॅथम, आता तरी मला जेवायला जाऊ द्याल का?"

लॅथम ताडकन उठला, लवला आणि पाठ न दाखवता मागे मागे चालत बाहेर पडला.

ही हकिकत मी बेचाळीस वर्षं सांगत आलो. लग्नाच्या पंगतीत, क्लबात, नातवंडांना. मूर्ख अमेरिकन तीन विडे घेऊन बसला, त्याच्या अज्ञानापुढे अख्खं संस्थान हतबल झालं, आणि तो मुत्सद्दी ठरला! लोक हसून हसून डोळे पुसतात. दरवेळी मी इथेच थांबतो.

परवाच्या पेपरात त्याच्या मृत्यूची बातमी आहे. दोन देशांत राजदूत, नंतर मंत्री, दोन तह त्याच्या नावावर. फोटोतही मान तशीच लांब आहे. खाली लिहिलंय की वाटाघाटीच्या टेबलाशी समोरचा थकेपर्यंत शांत बसून राहण्याची त्याची हातोटी विलक्षण होती. ते वाचून मी पेपर घडी करून ठेवला. उरलेली हकिकत आता सांगायला हरकत नाही.

मिस पार्मलींनी स्टेशनवर त्याला मिठी मारली. मला नुसता नमस्कार केला. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. गाडीत आम्ही दोघंच होतो. मी पुष्कळ तोंडपुजेपणा केला. साहेब, काय तुमचा संयम, साहेब, काय तुमची वेळेची जाण. मनातून माझा संताप होत होता. चिटणिशी गेली, बग्गी गेली, ती ह्या आंबा सालीसकट खाणाऱ्याच्या नशिबामुळे. तो खिडकीतून बाहेर बघत होता. कल्याण गेलं तेव्हा त्याने तोंड वळवलं.

"मिस्टर धैर्यवान, दरबारात माझ्याकडून काही चूक झाली का?"

"छे छे! एकही नाही."

"विडे येत राहिले. मी ते घेत राहिलो. ते बरोबर होतं ना? मला शिकायचंय, म्हणून विचारतो."

"अगदी बरोबर, साहेब. तो पाहुणचार असतो."

तो माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. रागावला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं. मग पुन्हा खिडकीकडे वळला.

बोरीबंदरला सकाळचे नऊ वाजले होते. हमालाने ट्रंक उतरवली. लॅथमने त्याला नाव विचारलं, त्याने सांगितलं, ते ह्याने मोडक्यातोडक्या उच्चारात म्हणून दाखवलं. मग तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. त्याने खिशातून रुमाल काढून उघडला. आत तीन विडे होते, वर्ख निघालेले, कडेने काळे पडलेले, आणि अत्तराचा एक फाया.

त्याने माझा उजवा हात हातात घेतला आणि मनगटावर फाया लावला. मग तिसरा विडा उचलला, डाव्या हाताने आपलं उजवं कोपर धरलं, आणि चोपदाराने धरला होता अगदी तसाच तो माझ्यापुढे धरला.

दवाखान्यातलं ते जेवणाचं टेबल माझ्या डोळ्यांपुढे आलं. मी पाटावर बासुंदी ओरपत होतो तेव्हा, तिथे बसून, त्या बाईने त्याला सगळं सांगितलं होतं. कुठं बसायचं, कवा बोलायचं, कवा उठायचं. आणि गादीवरच्याला आधी उठता येत नाही, म्हणून बसून राहिलं तर काय हवंय ते शेवटी तो स्वतःच विचारतो, हेही. तरी सकाळी त्याने मला विचारलं होतं. गाडीत पुन्हा विचारलं होतं.

मी विडा घेतला. तो हात मागे जोडून उभा राहिला, मी जाण्याची वाट बघत. त्याच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल तिरस्कारसुद्धा नव्हता. आंबरगडातल्या कुठल्याही माणसाला त्याने याहून जास्त भाव दिला असता.

शेजारी रिकामा बाक होता. मला त्यावर बसता आलं असतं. विडा हातात घेऊन बसून राहायचं, आणि तोंड उघडून सांगायचं की होय, मला ठाऊक होतं, दिवाणाने मला जागा देऊ केली होती आणि मी गप्प राहिलो. ऐकून घेतल्याशिवाय तो तिथून हलला नसता, एवढं मला नक्की ठाऊक होतं. त्याला घाई कधीच नसायची.

मी तीनदा लवलो. त्याला पाठ न दाखवता चार पावलं मागे गेलो, मग वळून फाटकाकडे चालू लागलो, आणि वकिलातीत पुन्हा कधी गेलो नाही.